गेटवर जमा केलेला कॅमेरा

आमचे हे, नीलकंठ देवपुजारी, खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस होते. तिथे कॅमेऱ्याला सक्त मनाई. मोबाईलसुद्धा गेटवर जमा करायचा, झडती द्यायची, मगच आत जायचं. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात. यांनी कॉलेजात फोटोग्राफी शिकायला नाव घातलं.

मी म्हटलं, "काहून? मोबाईलवर फोटो येत नाहीत का?"

"येतात. पण पाहायचं कसं, ते शिकायचं आहे."

पहिल्या दिवशी नवा कॅमेरा गळ्यात अडकवून निघाले आणि वर्गात रिकाम्या हातानं पोचले. मॅडमनी विचारलं, "नीलकंठजी, कैमरा कहाँ है?"

"गेट पर जमा कर दिया."

सगळा वर्ग हसला. सवयीनं यांचे पाय कॉलेजच्या गेटशी थांबले होते, कॅमेरा गार्डच्या हाती दिला होता, आणि वर हात पसरून झडतीसाठी उभेही राहिले होते.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, जा, घेऊन या, आणि येताना पहिला फोटो काढून आणा.

संध्याकाळी तो फोटो यांनी मला दाखवला. टोपी सरळ करून, लाजत उभा राहिलेला गार्ड. छान आला होता, पण लगेच तसं सांगायची माझी पद्धत नाही.

"याचाच काहून काढला?"

"छत्तीस वर्षं रोज कोणीतरी माझी झडती घेतली, अनसूया. त्यातला एकही चेहरा मला आठवत नाही."