पितृपक्षातले उद्घाटन

प्रारंभीच क्षमा मागतो. धुळ्याच्या एका महाविद्यालयात मी उभा जन्म भूगोल शिकवला आणि प्रश्नपत्रिकांखेरीज काही लिहिले नाही. ज्या वयात माणसाने दुसऱ्याचे लेखन छातीवर ठेवून दुपारची झोप काढावी, त्या वयात लेखणी उचलणे हा आगाऊपणाच आहे. शिवाय ज्या खेळाविषयी लिहावे लागणार, तो मला खेळता येत नाही. परंतु माझ्या साडूंविषयी आजवर कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत आणि कुणी लिहील असे चिन्हही दिसत नाही, एवढ्याच आधारावर हे धाडस करतो. माझे असे ठाम मत आहे की, तापीच्या दोन्ही काठांवर माझ्या साडूंइतके निरपेक्ष, निष्ठेचे आणि संपूर्णपणे वाया गेलेले प्रेम दुसऱ्या कुणी कशावर केलेले नाही.

हे प्रेम पूल नावाच्या खेळावर आहे. म्हणजे निळे कापड ताणलेल्या टेबलावर, पांढऱ्या चेंडूच्या धक्क्याने रंगीत चेंडू सहा खिशांत पाडण्याच्या खेळावर. गंमत अशी की साडू स्वतः खेळत नाहीत. त्यांचा हात कापतो. मूळचे धरणगावचे, जळगावात हार्डवेअरचे दुकान, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, त्या आमच्या अक्का. नळाच्या तोट्या विकणाऱ्या या गृहस्थाला ऐन चाळिशीत इंदूरला एका नातेवाइकाकडे गेले असता व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा पाहायला मिळाली आणि तेथून ते जे परत आले ते पूर्वीचे राहिलेच नाहीत. खेळापेक्षा त्यांना भावली ती शांतता. मला म्हणाले, "साडूभाऊ, एवढी माणसं एका जागी बसलेली आणि कुणी बोलत नाही, असं मी आपल्याकडे फक्त मयताला पाहिलंय. आणि तिथंही कुणीतरी जमिनीचा विषय काढतोच." तेव्हापासून खानदेशात तशा स्पर्धा भरवून अशी शांतता निर्माण करणे हे त्यांचे जीवितकार्य झाले. आमच्या भागात हे केवढे दुर्घट काम आहे, ते येथे राहणाऱ्यालाच कळेल.

टेबल सपाट असले पाहिजे, ही त्यांच्या धर्माची पहिली आज्ञा. त्यासाठी गवंड्याची पाणसळ ते सदऱ्याच्या खिशात बाळगू लागले, आणि खिशात असलेली वस्तू वापरल्यावाचून माणसाला राहवत नाही. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, बँकेच्या खिडकीशी, जिथे आडवी फळी दिसेल तिथे ते पाणसळ ठेवून बुडबुड्याकडे डोळे बारीक करून पाहत. त्यानंतर आमच्या घरी प्रथम जेवायला बसले तेव्हा घास घेण्यापूर्वी त्यांनी ती ताटाशेजारी ठेवली आणि माझ्या पत्नीला अत्यंत सौजन्याने म्हणाले, "वरण उत्तम आहे, पण ते उत्तरेकडं वाहतंय." दुसऱ्या दिवशी सुतार आणून त्यांनी आमच्या टेबलाचा पाय बसवून दिला. अक्कांचे मत याहून निराळे होते. साडूंनी स्पर्धेसाठी स्वतःचे टेबल विकत घेऊन पुढल्या खोलीत मांडले, तेव्हा त्या आल्यागेल्याला सांगत, "याच्यापेक्षा सवत आणली असती तर बरं झालं असतं. निदान भाकरी तरी टाकली असती तिनं!"

स्पर्धेला जागा हवी, आणि आमच्याकडे मोठी, गुळगुळीत फरशीची जागा म्हणजे मंगल कार्यालय. ते लग्नसराईत मिळत नाही. इतर दिवसांत साखरपुडे, बारशी, जाहीर सत्कार. साडूंनी पंचांग उघडून शोध लावला की वर्षात एकच पंधरवडा असा आहे की, कार्यालयाचा मालक स्वतः दाराशी खुर्ची टाकून माश्या मारत बसतो. तो म्हणजे पितृपक्ष. तेव्हापासून त्यांच्या साऱ्या स्पर्धा पितृपक्षात होऊ लागल्या. बाहेरगावच्या खेळाडूंना यात काही वावगे वाटत नसे. त्यांना आयती भजी आणि खीर मिळे, कारण भोवतालच्या प्रत्येक घरात कुणाचे ना कुणाचे श्राद्ध असे आणि साडू पाहुण्यांची घरोघर वाटणी करत. टेबल हलवायला ते केळीचे घड गाड्यांत भरणारे हमाल बोलावत. घराच्या सामानाची ने-आण करणारे मजूर त्यांना चालत नसत. "ज्याला केळ काळं न पाडता उचलता येतं, त्यालाच माझा दगड उचलता येईल," असे त्यांचे म्हणणे. निळ्या कापडाखाली पाटीचा अस्सल दगड असतो, ही गोष्ट ते भेटेल त्याला अशा अभिमानाने सांगत, जणू तो दगड त्यांच्याच शेतात निघाला होता.

गावाने या सगळ्याची जी परतफेड केली, ती आठवली की माझ्यासारख्या भिडस्त माणसाच्याही जिभेवर कडू चव येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ओट्याओट्यावर पत्त्यांचे डाव मांडून बसणारी, त्याला परंपरा म्हणणारी प्रतिष्ठित मंडळी साडूंना पाहून आवाज खाली आणून विचारत, "आबा, तुमच्या त्या अड्ड्यावर पोलीस नाही येत का हो?" साडूंनी सभागृहात सिगारेट बंद केली, पैज लावणाऱ्याला ते दंडाला धरून बाहेर काढत, तरी अड्डा हा शब्द काही सुटला नाही. देणगीदारांनी पैशाऐवजी माल दिला. एका वर्षी तिसरे बक्षीस फवारणीचा पंप होते, आणि मुंबईहून आलेला एक नामांकित खेळाडू तो पाठीवर बांधून रेल्वे स्टेशनाकडे चालत गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. प्रेक्षकांचे तर विचारूच नका. खेळाडू वाकून श्वास रोखतो न रोखतो तोच मागून आरोळी येई, "मार भो, मार! काय इचार करी राहिना?" साडू ओठांवर बोट ठेवून रांगारांगांतून फिरत, हात जोडत, एखाद्याच्या तोंडात पेढा कोंबत. फलकावर मात्र चार पुढाऱ्यांचे चेहरे असत आणि विजेते आईवडिलांचे, गुरूंचे, परमेश्वराचे आभार मानत. ज्याने दगड आणवला, कापड ताणले आणि खीर वाढली, त्याचे नाव भाषणात यायचेच राहून जाई.

साडूंना नावाची आस नव्हती. त्यांना एकच गोष्ट हवी होती: देशभर गावोगाव फिरणारी जी व्यावसायिक स्पर्धांची मालिका आहे, तिच्यात जळगावला कायमची जागा मिळावी. दरवर्षी चार दिवस मोठे खेळाडू येथे यावेत आणि ती शांतता आपल्या गावाला कळावी. अनेक वर्षांच्या विनवण्यांनंतर अखेर मालिकेच्या चालकांनी एक निरीक्षक पाठवायचे कबूल केले. तो स्पर्धा पाहणार आणि निर्णय सांगणार. त्या वर्षी साडूंनी नवे कापड मागवले. ते ताणण्यासाठी खास कारागीर आणला. अक्कांनी खेळाडूंच्या टॉवेलांना काठ शिवले.

अडचण उद्घाटनाची होती. पितृपक्षात शुभकार्याला कोण येणार? एकामागून एक साऱ्या मान्यवरांना त्या दिवशी नेमके बाहेरगावी जायचे होते. शेवटी एक पुढारी तयार झाले. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांना कुठल्याही पक्षाचे वावडे नव्हते. मात्र अशुभाचा दोष निघावा म्हणून त्यांनी सोबत हार, हळदकुंकू आणि भला मोठा नारळ आणला. मी पहिल्या रांगेत, निरीक्षकाच्या शेजारी बसलो होतो. तरुण, मितभाषी, स्वच्छ कपड्यांतला गृहस्थ. साडूंनी प्रास्ताविक केले. ते चांगले वक्ते नव्हेत, पण त्या दिवशी टेबलाविषयी बोलताना त्यांना शब्द सापडले. कापड कसे, कडा कशा, आणि "मंडळी, हे वरून मऊ दिसतं, पण खाली अस्सल दगड आहे. हलायचं नाही, फुटायचं नाही!" टाळ्या पडल्या.

आमच्याकडे नवा ट्रॅक्टर आला की त्याची पूजा होते, मळणीयंत्र आले की होते, बोअरला पाणी लागले की होते. पुढारी उठले. त्यांनी निळ्या कापडावर कुंकवाचे स्वस्तिक काढले. साडू "अहो, अहो," करत पुढे सरसावले तेव्हा त्यांच्या गळ्यात कुणीतरी हार घातला आणि त्यात त्यांचे हात अडकले. पुढाऱ्यांनी नारळ हाती घेतला, फोडायला दगड कुठे दिसतो का ते पाहिले, आणि मग प्रसन्न चेहऱ्याने साडूंकडे वळून विचारले, "खाले दगड शे ना, आबा?" उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. टेबलाच्या ऐन मध्यावर त्यांनी तो नारळ सर्व शक्तीनिशी आपटला.

आवाज मोठा झाला. पाणी चहूकडे उडाले, कुंकू त्यात मिसळले, कापडाला करवंटीच्या धारेने लांब चीर गेली. दगड खरोखरच फुटला नाही. सभागृहात क्षणभर अशी शांतता पसरली की साडू ज्या शांततेसाठी झुरत होते ती हीच असावी, असे मला वाटले. मग मागून कुणीतरी ओरडले, "नारळ चांगला निघना रे भो!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.  साडूंनी हार काढला, खोबऱ्याचे तुकडे वेचले, ताटात घातले आणि प्रसाद म्हणून निरीक्षकापुढे धरले. 

त्यांनी शेजारच्या धोब्याकडून इस्त्री आणली. अक्का घरून आपली जुनी सुती साडी घेऊन आल्या, ती ओल्यावर अंथरली, आणि ते दोघे सत्तरीकडे झुकलेले नवराबायको सगळ्यांच्या देखत टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून ते कापड वाळवत राहिले. चीर त्यांनी आतून चिकटवली. दुपारी सामने सुरू झाले. पण चेंडू मध्यावर आला की अडखळे, आणि खेळाडू एकमेकांकडे पाहून हसत. संध्याकाळी पुढाऱ्यांचा ताफा निघाला तसे प्रेक्षकही निघाले. निरीक्षक शेवटपर्यंत थांबला. जाताना त्याने साडूंचे हात हातात घेऊन म्हटले, "तुमची माणसं फार प्रेमळ आहेत हो." मी शिक्षक माणूस, नापास विद्यार्थ्याच्या पालकांशी मीही असेच गोड बोलत आलो आहे. तेव्हाच मला कळले. साडूंना कळले नाही. ते मला म्हणाले, "पाहिलंत? खूश होऊन गेला!"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पुढाऱ्यांचे छायाचित्र आले, हातात उलटी धरलेली खेळाची काठी. बाजूला साडूंचे कोपर दिसत होते. पुढारी अजूनही भाषणांत सांगतात की या जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय खेळ त्यांनी आणला. मालिकेतली ती जागा दुसऱ्या शहराला मिळाली. तेथे वातानुकूलित सभागृह आहे, असे ऐकतो. आखाजीचे डाव आमच्याकडे पूर्वीसारखेच रंगतात, आणि साडूंना पाहून आता कुणी पोलिसांविषयी विचारत नाही. ते मला अधिक वाईट वाटते.

परवा पत्नीसह जळगावला गेलो होतो. साडू थकले आहेत. दुकान जावई पाहतात. टेबल पुढल्या खोलीत आहे. त्यावर उन्हाळ्यात अक्का कुरडया वाळत घालत असतील, असे मी गमतीने म्हणालो, तर त्याच मला रागे भरल्या. "कापडाला पीठ लागतं ना! तुम्हाला एवढं कळत नाही का, भाऊजी?" मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्या पत्नीला हळूच म्हणाल्या की, यंदा हे स्पर्धेचं काही बोलेचनात म्हणून मीच विषय काढला.

आणि विषय निघाला तो निघालाच. साडूंनी धुळ्यात एक कार्यालय पाहून ठेवले आहे, फरशी पाणसळीला उत्तम उतरली आहे, पितृपक्षात ते मोकळे आहे. उद्घाटन, ते म्हणतात, मी करायचे. "तुम्ही बोलत नाही, हाच तुमचा मोठा गुण. पांढरा चेंडू ठेवायचा आणि बाजूला व्हायचं." त्यांनी त्या निरीक्षकालाही फोन केला होता. तो आता मालिकेत वरच्या जागेवर आहे. त्याने ओळख ठेवली, तब्येतीची चौकशी केली आणि निमंत्रणावर "बघू" म्हणाला. एवढ्या एका शब्दावर साडूंनी नवे कापड मागवले आहे. अक्का टॉवेलांना काठ शिवत बसल्या आहेत. मोठ्या जागी बसलेला माणूस "बघू" कधी म्हणतो, हे मला नोकरीतल्या इतक्या वर्षांनंतर ठाऊक आहे, आणि त्या दोघांना नाही. पितृपक्षाला अजून अवकाश आहे. वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना सांगितले असते का?