फळवलेल्या गाईला सावली

डॉ. गोविंदराव मेश्राम यांची माझी पहिली ओळख त्यांच्याच बदनामीवरून झाली. कटंगीकडच्या गावांतून सायकलवर दूध गोळा करून मी बालाघाटच्या हॉटेलांना पुरवीत असे. दारोदारी थांबायचो, म्हणून सगळं कानावर पडे. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी एकदा विचारलं, "लोक काय म्हणतात?"

"म्हनतेत, सरकारी सांड निकम्मा आहे. गायी फळवून आणल्या तरी उलटूनच राह्यल्या, गाभ काही ठरत नाही."

"नुसता सांडच?"

"डॉक्टरलेही म्हनतेत, साहेब."

ते हसले. मग विचारलं, "हिवाळ्यातही म्हणत होते?" मी आठवून पाहिलं. ही ओरड फक्त उन्हाळ्यातली होती. दुसऱ्याच दिवशी ते माझ्याबरोबर सायकलवर निघाले.

माझ्या रोजच्या वाटेवरच्या कौशल्याबाईंचं घर एका गाईवर चालायचं. ती आटलेली, वर दर वेळी उलटणारी. येत्या बाजारी विकायची ठरली होती. आम्ही पोचलो तेव्हा आदल्या दिवशी फळवलेली ती गाय भर दुपारी अंगणात, आखूड दोरानं उभी बांधलेली होती.

"बाई, गाय उन्हात काहून बांधली?"

"सावलीत बसते न जी. बसली त गाभ गळते."

आमच्याकडची रीतच तशी. डॉक्टरसाहेबांनी थर्मामीटर लावला. आजार नव्हता, पण अंग तापलेलं होतं. ते म्हणाले, "गाभ गळत नाही बाई, उन्हानं मरून राह्यला. पहिल्या आठवड्यात तो डोळ्याले दिसणार नाही एवढा असते. आईचं आंग तापलं की तो टिकत नाही."

दारातून सासूबाई म्हणाल्या, "आता डॉक्टर गाईले झोपवून वासरू काढते."

"आजी, नव्या पोटुशी सुनेले तुम्ही दिवसभर उन्हात उभी करता का?"

डॉक्टरसाहेबांनी हमी काही दिली नाही. एवढंच म्हणाले, "ही खेप गेलीच समजा. पुढच्या माजाले सकाळीच दवाखान्यात आणा. ऊन उतरल्यावर घरी न्या, मग आठवडाभर दारच्या चिंचेखाली बांधा, पाणी पाजून. तोवर विकू नका."

फळवलेल्या गायी ऊन उतरेपर्यंत थांबाव्यात म्हणून दवाखान्याच्या आवारात त्यांनी बांबूचा मांडव घातला, वर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, टाकली. दिवसभर अडकून पडावं लागतं म्हणून लोक कुरकुरत. त्यांना डॉक्टरसाहेब घरून चहा आणवीत. मोठेपणा सांगण्याची त्यांना सवय नाही, म्हणून मी सांगतो.

कौशल्याबाईंनी बाजार टाळला. गाय डॉक्टरसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे फळवली, बसू दिली. पुढे तपासायला आणली तेव्हा डॉक्टरसाहेबांनी बराच वेळ चाचपून हात धुतला आणि सोबत आलेल्या सासूबाईंना म्हणाले, "आजी, गाभण आहे. आता विकायची असंल त भाव चढवून सांगा."

"विकते कोन," आजी म्हणाल्या.

त्या गाईच्या नातीचं दूध आज माझ्या डेअरीत येतं. साठी पूर्ण करणाऱ्या डॉक्टरसाहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्या नातीच्या नातीलाही त्यांचाच हात लागो, ही आम्हा कटंगीकडच्या मंडळींची मनापासून इच्छा.