आण्णांच्या पत्रकातलं एक वाक्य

“चपात्यांना कोण मत देतं, आण्णा?” असं मी म्हणाले होते. जीभ झडायला हवी होती माझी.

आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत आचारी होते. आख्खी नोकरी लंगरात गेली, जवानांच्या स्वयंपाकघरात. पण आमच्या वेल्ह्याकडच्या खेड्यांत हा फरक कोण करतो? रिटायर होऊन आले तेव्हा एसटी स्टँडपासून गावापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, बायकांनी दारोदार ओवाळलं, आणि ते गावाचे ‘फौजी’ झाले. कुणी विचारलंच तर सरळ सांगायचे, “आमी काय लढलो न्हाई बाबा, लढणाऱ्यांना जेवू घातलं.” लोक हसायचे. माणूस मोठेपणा लपवतोय, असं वाटायचं त्यांना.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि पॅनेलवाले दारात. फौजी माणूस उभा पाहिजे म्हणाले. आण्णांच्या मनात एकच गोष्ट होती, वरच्या वाडीच्या नळाला उन्हाळ्यात पाणी यावं. तेवढ्यासाठी हो म्हणाले बिचारे.

फ्लेक्स आणि पत्रक माझ्याकडे आलं, कारण मी भोरला छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. ज्यांना घरात कुणी विचारत नाही अशा कितीजणांना मी ‘कार्यसम्राट’ करून सोडलंय. मग बापासाठी हात आखडता घेऊ होय? बंदूक घेतलेल्या कुठल्याशा जवानाच्या धडावर आण्णांचं डोकं चिकटवलं. ते बघून आण्णा म्हणाले, “ह्यो कोण गं? माज्या हातात तर झारा हुता.” तेव्हाच मी चपात्यांचं बोलले.

पत्रकात एक वाक्य मी त्यांना न दाखवता घातलं. पासली गावाकडचा एक जवान काही वर्षांपूर्वी सीमेवर बर्फात गेला होता. अंत्ययात्रेला सगळा तालुका लोटला होता. ‘त्या वीराच्या खांद्याला खांदा लावून लढलेले आपले फौजी,’ असं मी त्याचं नाव घालून लिहिलं. दोघं फौजेतले, दोघं इकडचेच. कोण बघायला जातंय, म्हटलं. स्वतःवर खूशही झाले मी, खोटं कशाला सांगू.

पत्रकं वाटून झाली आणि चार दिवसांनी सकाळी त्या जवानाची आई आमच्या अंगणात उभी राहिली. पायी आली होती. पत्रक घडी घालून कनवटीला खोचलेलं. तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

“फौजी,” ती म्हणाली, “तू माज्या लेकासंगं हुतास म्हणं. मला कुणी सांगितलंच न्हाई. पेटी आली, ती बी उगडू दिली न्हाई. शेवटाला काय बोलला रं त्यो?”

आण्णांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. एक मुस्कटात दिली असती तर बरं झालं असतं.

ते तिच्यासमोर खालीच बसले. “मावशी, हे खोटं हाय. म्या तितं नव्हतो. म्या आचारी हुतो, लई लांब हुतो. माफ करा.”

तिने त्यांच्या हातातलं पत्रक घेतलं. त्याची परत तशीच घडी घातली. मग हळूच म्हणाली, “आचारी? मंग कंदीतरी तुज्या हातचं जेवला आसंल की माजा ल्योक?”

“जेवला की,” आण्णा म्हणाले.

“पोटभर?”

“दोनदा मागून घेतलं, मावशी.”

तिने आण्णांचे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. मग आली तशी पायी निघून गेली.

ती नजरेआड झाल्यावर आण्णा म्हणाले, “त्या पोराचं तोंडसुदीक म्या कंदी बगितलं न्हाई.” एवढंच. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. चौकातला फ्लेक्स स्वतः जाऊन काढला आणि प्रचाराला पुन्हा उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. पडले निवडणुकीत. फौजी असून पडला, असं लोक म्हणाले. वाडीचा नळ अजून उन्हाळ्यात कोरडाच असतो.

त्या वर्षी सुगी झाल्यावर पासलीहून नव्या तांदळाचं गाठोडं आलं. लेकाला जेवू घातलं म्हणून. पुढच्या वर्षी आलं, त्याच्या पुढच्याही. मी शिजवायचे, सगळे खायचे, पण आण्णा त्या भाताला कधी शिवले नाहीत. भाकरी मागायचे. मी कितीदा माफी मागायचं ठरवलं, पण त्यांच्या ताटाकडे बघितलं की भाकरी वाढून आत निघून जायचे.

गेल्या थंडीत आण्णा गेले. माफी राहिलीच.

या सुगीला म्हातारी स्वतः तांदूळ घेऊन आली. आण्णांच्या फोटोला हात जोडले, भिंतीला टेकून बसली, पाणी प्यायली. म्हणाली, “एक इचारायचं ऱ्हायलंच फौजीला. त्या दिशी जेवायला काय केलं हुतं?”

घरात दुसरं कुणी नव्हतं. आता सांगायला मीच होते.

“बटाट्याचा रस्सा,” मी म्हणाले. “आणि चपात्या.”

“चपात्या?” तिचा चेहरा केवढा उजळला. “बरं झालं बया. लई आवडायच्या त्येला. हितं आमच्यात नुसता भातच की गं.”