माशांचा उपास

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला आमच्या हिला हिवताप आला आणि माझी श्रद्धा पार डळमळली. गोधड्यांवर गोधड्या घालूनही ती कुडकुडत होती, हातातल्या बांगड्या वाजत होत्या, आणि मी देवाला नाही नाही ते बोलत होतो. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. घरोघरी औषधं देणाऱ्या आशाताईंनी गोळ्या दिल्या, सगळ्या संपवायच्या असं बजावलं. पण नुसत्या औषधावर माझा जीव कुठला राहतो! नेवाशाजवळच्या आमच्या गावात महादेवापुढे कुंड आहे. ही बरी होईपर्यंत त्यातल्या माशांना रोज कणीक घालीन, असा नवस बोललो.

ताप लगेच उतरला. उरलेल्या गोळ्यांची पट्टी मी हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवून दिली. देव पावल्यावर कडू कशाला गिळायचं? कणीक मात्र चुकवली नाही. गावात बातमी पसरली आणि गुडघेदुखीपासून सोयरिकीपर्यंत सगळ्यांचे नवस कुंडात पडू लागले. कोणी मुरमुरे टाकी, कोणी शेव.

काही आठवड्यांनी हिची हुडहुडी परत आली. शेजारच्या दोन घरांतही माणसं तापानं पडली. ही गेली तर मी भांडू कोणाशी? मी कणीक दुप्पट केली.

ताप एक दिवसाआड यायचा. मधल्या दिवशी तिला आधार देत कुंडावर नेलं. म्हटलं, तुझ्या हातचा घास माशांनी घेतला की देव पावला समज. तिनं कणीक टाकली. एकही मासा हलला नाही, कणीक तळाला गेली. माझे डोळे भरून आले. "देवानं तोंड फिरवलं गं," मी म्हणालो.

ती वाकून पाण्यात बघत होती.

"आवं, देवानं न्हाई, माशांनी फिरवलंय! पोटं बघा त्यांची. दवाखान्याच्या लोकांनी हे गप्पी मासे डासांच्या आळ्या खायला सोडलं हुतं. त्या बघा, कशा वळवळत्यात. तुमी ह्यांना पंगत वाढताय, आन् डास मला खात्यात!"

"पण नवस मोडला आणि तुला काही झालं तर?"

"महादेवाचं मी बघते. आजपासनं माशांना उपास. आन् गोळ्या मला द्या, देवाला हिवताप न्हाई."

त्याच दिवशी पुन्हा रक्त तपासलं, नव्या गोळ्या आणल्या. रोज देव्हाऱ्यापुढे बसवून, तीर्थाबरोबर, मी त्या तिला दिल्या. गिळली का ते तोंड उघडायला लावून बघायचो. शेवटची गोळी गेली, ताप काही परत आला नाही, आणि त्या दिवशी मी देवापुढे मनसोक्त रडलो.

आता संध्याकाळी आम्ही दोघं कुंडावर जातो. गावात काही जण मला नास्तिक म्हणतात. मासे मला ओळखतात, आशेनं वर येतात, पण द्यायला काही नसतं. इतके दिवस एका हातात कणकेचा गोळा असायचा, त्यामुळे दोन्ही हात कधी नीट जोडलेच नव्हते. आता जोडतो, आणि महादेवाला, तुझं तू बघ, एवढंच म्हणतो. शेजारी तिच्या बांगड्या वाजतात. मुरमुऱ्यांची पिशवी घेऊन आलेल्या कोणाला तरी ती हात हलवून पिटाळत असते.