आबांचं वेगळं ताट

आबांना टीबी झालाय असं जळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, त्याच संध्याकाळी आत्यानं त्यांचं ताट वेगळं काढलं. जर्मनचं, काठाशी चेपलेलं. सोबत एक पेला आणि तांब्या. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली, आणि घरात तिच्यापुढे आईचंही काही चालायचं नाही. तिनं आबांची खाट ओट्यावर टाकायला लावली आणि माझ्या भावाच्या दीड वर्षाच्या मुलीला त्यांच्याकडे फिरकू द्यायचं नाही असा हुकूम सोडला.

मी तेव्हा जळगावात शाळेत शिकवत होते. माझं लग्न झालं नव्हतं, आणि घरच्यांनी तो विषयही एव्हाना सोडून दिला होता. रविवारी एसटीनं घरी, असोद्याला जायचे. आबा ओट्यावर बसलेले असायचे आणि पोरगी आतून उंबरठा धरून "आबा, आबा" करायची. तिनं पाय बाहेर टाकला की आत्या बखोट धरून तिला मागे ओढायची. आबा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसायचे. आत्याचा मला असा संताप यायचा! पण टीबीनं घरंच्या घरं रिकामी झालेली तिनं पाहिली होती. गावभर हीच रीत होती. तिला एकटीला किती बोलणार?

सुया टोचून टोचून दंड दगडासारखे झाले, खोकला काही हटेना. शेवटी गणपती झाल्यावर मी आणि भाऊ आबांना मुंबईला घेऊन गेलो. पुन्हा छातीचे फोटो, पुन्हा तपासण्या, पुन्हा रांगा. त्या दिवसांतलं मला दवाखान्यातल्या बाकांखेरीज काही आठवत नाही. अखेर एका तरुण डॉक्टरनं आम्हा दोघांना आत बोलावलं. "टीबी नाही हा," तो म्हणाला. एवढं ऐकलं मात्र, भाऊ उठला तो थेट बाहेर आबांकडे पळाला. मी बसून राहिले, म्हणून पुढचं माझ्या वाट्याला आलं. फुफ्फुसाचा कॅन्सर. ऑपरेशन करण्याजोगा राहिलेला नाही. किती दिवस, मी विचारलं. "वर्ष निघालं तर खूप झालं. घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला."

बाहेर आले तर आबा हसत होते. कितीतरी महिन्यांनी हसत होते. "टीबी नही म्हने ना डाक्टर?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "नाही म्हणाले." परतीच्या गाडीत भावानं चहा घेतला, निम्मा स्वतः प्यायला आणि तोच कप आबांच्या हातात दिला. आबांनी कपाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग हळूहळू प्यायले. चाळीसगाव गेलं, जळगाव आलं, तरी डॉक्टरचं पुढचं बोलणं मी त्या दोघांना सांगितलं नाही.

आईनं गल्लीत साखर वाटली. काय सांगू! कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरून साखर, आणि बायका ती तोंडात टाकून "सुटले बाई एकदाचे" म्हणताहेत. आत्यानं जर्मनचं ताट गोठ्यात नेऊन टाकलं आणि त्यात म्हशीसाठी सरकी भिजायला लागली. आबा घरात पाटावर जेवायला बसले. नात जी त्यांच्या मांडीवर चढली ती उतरायलाच तयार नाही. त्या दिवसापासून ती त्यांच्या ताटाशिवाय कुठे जेवेना.

पुढच्या रविवारी मी भावाला शेतात गाठून खरं काय ते सांगितलं. तो माझ्यावरच उखडला. "टीबी नही म्हने तो! मी माह्या कानानं ऐकलं. तुले त्याचं इंग्रजी समजलं नही." मग बांधावर बसून रडला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "डाक्टर काय देव हाये?" आणि तिनं सोमवारचे उपास धरले. आत्याच्या पोटात काही राहायचं नाही, म्हणून तिला आणि आबांना सांगायचं नाही असं ठरलं.

दसऱ्याला आबांनी केळीची नवी बाग लावायला काढली. केळीचा घड कापायला यायला दीड वर्ष लागतं, हे असोद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "लावू दे त्याईले, अक्का. घडासाठी तरी राहतील." थंडीत शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, भरिताचं जेवण झालं, आबांनी चक्क मागून खाल्लं. त्यांचे गाल थोडे भरल्यासारखे दिसले आणि डॉक्टर चुकला असेल असं मलासुद्धा वाटून गेलं. मग सोमवारी वर्गात उभी राहिले की पुन्हा सगळं आठवायचं. दर आठवड्याला हेच. आजारापेक्षा त्या आशेनं मी जास्त दमले.

होळीच्या सुमाराला आबांना खोकल्यातून रक्त पडलं. मी गेले तर खाट पुन्हा ओट्यावर, आणि म्हशीचं ते ताट राखेनं घासून आबांपुढे ठेवलेलं. त्यात भाकर तशीच. घरात पोरगी हातपाय आपटून रडत होती. "मुंबईवाले खोटं बोलले," आत्या सांगत होती, "टीबीच हाये हा." आई आणि भाऊ खाली मान घालून उभे. आत्याला अडवायचं तर आबांसमोर दुसरं नाव घ्यावं लागणार होतं.

ते मी घेतलं. "आत्या, टीबी नाही हा. कॅन्सर आहे. मला मुंबईतच सांगितलं होतं. तो बरा होत नाही." भाऊ "अक्का!" म्हणून ओरडला. आईनं पदर तोंडात कोंबला.

आबा माझ्याकडे बघत राहिले. आता विचारतील, किती दिवस राहिले. काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते.

"हा कोनाले लागतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा."

"लहान पोरीले?"

"कोणालाच नाही."

अंगात जोर नव्हता, तरी त्यांनी ते ताट उचलून अंगणात भिरकावलं. "मंग पोरीले आन इकडे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे एकत्र जेवलो. आबांना दोन घासही गेले नाहीत, पण नात त्यांच्या ताटातली पुरणपोळी आमरसात बुडवून खात होती आणि ते तिच्याकडे बघत बसले होते. जेठ महिन्यात ते गेले. डॉक्टरनं सांगितलेलं वर्षही भरलं नाही. बाग अजून निसवलीही नव्हती, एकाही केळीला घड फुटला नव्हता.

पुढच्या आखाजीला त्याच बागेचे घड कापायला आले. गेलेल्या माणसासाठी आखाजीला भरतात तशी आत्यानं आबांच्या नावाची घागर भरली, पाट मांडला, पुढे पान वाढलं. पुरणपोळी, आमरस, बागेतली केळी. पोरगी बाजूला स्वतःचं ताट घेऊन बसली होती.

"आबाचं येगळं काबरं वाढलं?" तिनं आत्याला विचारलं. "आबा तं माह्याच ताटात जेवतात."

आत्या तिच्यापुढे खाली बसली. मग तिनं पान उचललं आणि त्यातलं सगळं पोरीच्या ताटात वाढलं.