तेरावा फर्मा

पुठ्ठेकाकांच्या खोलीत शिरलं की आधी खळीचा वास येतो. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. एका काळवंडलेल्या पातेल्यात ते रोज सकाळी ती शिजवतात, आणि तेवढा वेळ कोणाशी बोलत नाहीत. बाजारात तयार गोंद मिळतो, डबे भरून मिळतो. ग्रंथालयानं दोनदा आणूनही दिला. ते डबे अजून कपाटावर आहेत, कात्र्या ठेवायला.

"काका, आता कोण खळ शिजवतं?" मी एकदा म्हटलं.

"मी शिजवतो," ते म्हणाले. "गोंदानं चिकटवलेलं सोडवायला गेलं तर कागद फाटतो. खळीनं चिकटवलेलं पाणी लावलं की सुटतं. चिकटवणाऱ्यानं सोडवायची सोय ठेवावी."

एकतीस वर्षं ते ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत पुस्तकं बांधत आहेत. खोलीला एकच खिडकी, रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे त्यांना दिवसभर नुसते पाय दिसतात. माणसं ते चपलांवरून ओळखतात. मी दारात पोचायच्या आत "या, टाच झिजलेल्या बाई" असं आतून ऐकू येतं.

मी वरच्या मजल्यावर असते. जुने संदर्भग्रंथ स्कॅन होऊन आमच्या ऑनलाइन ग्रंथालयात जातात. त्यांची पानं तपासायची आणि दर महिन्याच्या एक तारखेला 'नवी भर' या नावानं यादी लावायची, हे माझं काम. या महिन्याच्या यादीत एकच मोठी गोष्ट होती: नऊ खंडांचा वनस्पतिकोश. त्याचा पूर्ण संच आमच्याखेरीज कुठे असल्याचं आम्हाला सापडलं नव्हतं.

हा कोश काकांनीच बांधलेला. स्कॅनिंग करणारी मुलगी त्या खंडांवर खूश होती, कारण ते उघडून ठेवले की उघडेच राहत, मधेच मिटत नसत. काकांची लेक याच खंडांवर वाढली. लहानपणी शाळा सुटली की ती जिन्याखाली येऊन बसायची, आणि बाप शिवत असायचा तोवर ती पानांची चित्रं बघायची. आता ती दुसऱ्या शहरात, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न असायचा, "बाबा, कोश आला का?" काका दर सोमवारी तोच प्रश्न मला विचारत.

पाचव्या खंडात १९२ नंतर एकदम २०९ आलं.

मी तीनदा मागेपुढे करून पाहिलं. मग खंड उचलून खाली गेले. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पुस्तकाच्या पाठीशी बोट नेलं आणि दोऱ्याचे टाके मोजले.

"तेरावा फर्मा," ते म्हणाले. सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापून त्याची घडी घालतात, तो फर्मा. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. "छापखान्यानंच दिला नसेल. माझ्या हातून एकतीस वर्षांत एक पान गेलेलं नाही."

तरी त्यांनी बांधणीची वही काढली. कोणतं पुस्तक कोणत्या दिवशी बांधायला घेतलं ते तीत लिहिलेलं असतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांचं बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्यांनी वही मिटली.

"उद्या बघू," ते म्हणाले. खळीवर साय धरली होती. ती त्यांनी ढवळलीसुद्धा नाही.

विभागप्रमुख मॅडमना मी सांगितलं. त्या वाईट नाहीत, फक्त नेमक्या आहेत. "अपुरा कोश लावता येत नाही. नऊच्या नऊ पूर्ण असतील तरच. आणि स्कॅनिंगचं यंत्र अठ्ठावीस तारखेला दुसऱ्या ग्रंथालयात जातंय, परत कधी येईल ते मलाही माहीत नाही." त्या दिवशी बावीस तारीख होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या टेबलाशी उभे होते. ते कधी वर येत नाहीत. जिना गुडघ्यांना मानवत नाही. हातात वही होती.

"तो फर्मा माझ्याकडूनच गेलाय," ते म्हणाले. "छापखान्यातून तेरावा दोनदा आला होता. तसं व्हायचं. एक ठेवायचा, एक रद्दीत टाकायचा. दोन्ही हातात होते आणि शेजारीण धावत आली, दवाखान्यात चला म्हणाली. मी दोन्ही रद्दीवर ठेवले आणि पळालो." त्यांनी वहीतल्या तारखेवर बोट ठेवलं. "त्या दिवशी लेक झाली. तिसऱ्या दिवशी आलो, पुस्तक शिवून टाकलं. मोजलं नाही. नेहमी मोजतो. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं."

मी विचारलं, "मग ती रद्दी?"

"तेच सांगायला आलोय. रद्दी मी फेकत नाही. पुठ्ठा वाकू नये म्हणून आतून एक कागद चिकटवतो, त्यावर कोरा कागद. ती पानं कुठल्या ना कुठल्या पुठ्ठ्याखाली असणार."

मॅडमच्या केबिनमध्ये त्यांनी हेच, याच शब्दांत, उभ्यानं सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही छापखान्यालाच दोष दिला असता."

"हो. काल रात्रभर मलाही तेच सोयीचं वाटत होतं."

वहीवरून त्या पंधरवड्यात बांधलेली अकरा पुस्तकं निघाली. बहुतेक नगरपालिकेचे जुने अहवाल. अठ्ठावीस वर्षांत त्यांना कोणी हात लावलेला दिसत नव्हता. काकांनी प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर आतून तळहात फिरवला, आजारी माणसाचं कपाळ पाहावं तसा. मग ओलं फडकं ठेवलं आणि थांबले. मी घड्याळाकडे बघत होते, ते फडक्याकडे.

"ओढायचं नाही," ते म्हणाले. "ते आपण होऊन सोडेल."

पहिल्या दोन पुस्तकांत जुन्या जाहिराती निघाल्या. तिसऱ्यात कोरा कागद सुटला आणि खाली एका वेलीचं चित्र दिसलं. काकांनी चिमट्यानं कोपरा उचलला, हळूहळू पूर्ण पान सोडवलं, उलटं केलं. पाठीमागचा मजकूरही शाबूत होता. मोरचुदामुळे कसरीनं तोंड लावलं नव्हतं.

"गोंद लावला असता तर?" मी विचारलं.

"तर तुम्हाला पुठ्ठा वाचावा लागला असता."

तीन दिवसांत चार अहवालांच्या आठ पुठ्ठ्यांखालून आठ कागद निघाले. सोळा पानं. एकाचा कोपरा उंदरानं खाल्ला होता, तिथल्या तीन ओळी अर्ध्याच राहिल्या. काकांनी ती पानं जड फळ्यांखाली दाबून वाळवली, आणि सत्तावीस तारखेला स्वतःच वर घेऊन आले, जिना चढून, दोन्ही हातांत धरून. मग खाली जाऊन त्यांनी चारही अहवाल पुन्हा नीट बांधले. "त्यांचा काय दोष?" म्हणाले.

यादी करायला मी बसले तेव्हा ते शेजारी खुर्ची ओढून बसले.

"टीप लिहा," ते म्हणाले.

"लिहिलीय. 'काही पाने जीर्ण.' पुरे आहे ना?"

"नाही. काय झालं ते लिहा."

"काका, हे जगभर दिसणार आहे."

"म्हणूनच."

मग त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: खंड पाचवा, पाने १९३ ते २०८ बांधणाऱ्याच्या चुकीने इतर पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत गेली होती, ती बांधणाऱ्यानेच शोधून जोडली आहेत, तीन ओळी अपुऱ्या आहेत. नाव घालू का विचारलं तर नको म्हणाले. मॅडमनी टीप वाचली आणि एकही शब्द न बदलता सही केली.

एक तारखेला दुपारी मी खाली गेले होते, तेव्हा लेकीचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर लावला, कारण हाताला खळ होती.

"बाबा, टीप वाचली. बांधणारा म्हणजे तुम्हीच ना? तारीख कुठली होती?"

काकांनी तारीख सांगितली.

पलीकडे ती हसली. "म्हणजे मी आल्या आल्या तुमचं काम बिघडवलं."

"तू नाही गं. मी मोजलं नाही."

"वर्गात आत्ता तेच पान लावलंय. १९७. मुलं विचारतायत, कडेला हा पिवळा डाग कसला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "खळीचा आहे," ते म्हणाले. "सांग त्यांना, त्यामुळेच पान सुटून आलं."

मग फोन ठेवून ते परत पातेल्याकडे वळले. बांधायला आलेलं नवं पुस्तक समोर होतं. फर्मे उचलून त्यांनी मोजले, खाली ठेवले, आणि पुन्हा एकदा मोजले.