लंकेला गेलेलं रक्त

माझ्या रक्ताचं नाव मुंबई. पहिल्या बाळंतपणात कळलं. डॉक्टर म्हणाले, "बॉम्बे ग्रुप आहे तुमचा. फार थोड्यांचा असतो. तुम्हाला तुमच्यासारख्यांचंच रक्त चालेल." मला हसूच आलं. आमचं गाव माळशेज घाटाच्या पायथ्याला, वैशाखऱ्याच्या पुढं, मुंबई मी कधी धड पाहिली नाही, आणि म्हणे रक्तात मुंबई!

गेल्या साली भात झोडायच्या दिवसांत कल्याणच्या रक्तपेढीतून फोन आला. श्रीलंकेत एक पोटुशी बाई अडली होती. गट माझाच. रक्त हाताशी असल्याशिवाय तिथले डॉक्टर ऑपरेशनला हात घालेनात, आणि अख्ख्या देशात ते मिळेना. इकडचे डॉक्टर, तिकडचे डॉक्टर, दोन्ही सरकारांतली माणसं, विमानवाले, सगळ्यांनी मिळून वाट काढली होती. आता फक्त देणारं माणूस हवं होतं.

सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. "लंकेत सोन्याच्या विटा म्हनं," त्या म्हणाल्या, "नि रगत नाय?"

माझं डोकंच सणकलं. "विटा काय शिरेतून चढवायच्यात का?" मी फाडकन बोलले.

बोलले आणि मलाच कसंतरी झालं. त्यांची लेक, माझी नणंद, मुरबाडहून कल्याणला नेताना गाडीतच गेली, पोटातल्या बाळासकट. अंगातलं रक्त जात राहिलं आणि चढवायला रक्त नव्हतं. तेव्हापासून बाळंतपणाचा विषय निघाला की त्या उठून गोठ्यात जातात. त्या दिवशीही गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कल्याणला निघाले तेव्हा मात्र माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

रक्त देऊन दुपारी परत आले आणि ओटीवर आडवी झाले. डोळा लागत होता, सुटत होता. माळशेजच्या कड्यावर ढग टेकले होते आणि मला वाटत होतं, माझ्यातलं थोडं त्यांच्या वरून चाललंय. विमानात मी कधी बसले नाही. पण बर्फाच्या पेटीतून मीच निघालेय, खाली समुद्र, बारक्या होड्या, मग माड, मग आपल्यासारखीच भाताची खाचरं. कुणीतरी हात पुढं करून पेटी घेतंय. त्याची भाषा मला कळत नाही आणि त्याला माझी कळत नाही, तरी दोघांचं काही अडत नाही. त्या बाईचा चेहरा मात्र दर वेळी नणंदेचाच दिसायचा. मी दचकून उठायची आणि म्हणायची, देवा, ह्या खेपेला वेळेत पोचू दे रे बाबा.

नंतर फोनच येईना. जिवाला नुसता घोर. भाजी करपली, पोरांवर उगाच खेकसले.

अशात एका सकाळी नव्या भाताचा नैवेद्य होता. सासूबाई केळीच्या पानावर भात घेऊन देवीकडं निघाल्या, तेवढ्यात फोन वाजला. रक्तपेढीतल्या मॅडम होत्या. "मुलगी झाली. आई शुद्धीवर आलीय." मी ओरडलेच. रडलेसुद्धा, त्यात लाज कसली!

सासूबाई उंबऱ्यातून मागं फिरल्या. पान खाली ठेवलं.

"आज देवीला जायाचं नाय," त्या म्हणाल्या. "सोयर आलं."

भावकीत मूल जन्मलं की सोयर येतं आणि दहा दिवस देवाला शिवायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. "अवो आई, ती कोन, कुठली..."

"रगत आपलंच ना गो?"

तोवर शेजारीण तिचं पान घेऊन अंगणात आली. "चला ना वयनी, देवळात येताव ना?"

"नाय गो," सासूबाई ओटीवर बसत म्हणाल्या. "लेक बाळंत झाली माझी. दोगी बऱ्या हायेत."